रांग चुकवायची कुणी?

नोव्हेंबर सरत आला की आमच्याकडे एकाच अर्थाचे फोन सुरू होतात. ‘वकीलसाहेब, यंदा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येतोय. घरची मंडळी सोबत आहेत. रांगेत फार वेळ जातो हो! कुणाची ओळख लावून एखादा पास होतो का बघा ना.’ हे फोन करणारे कोण असतात? बँकेतले अधिकारी, प्राध्यापक, इंजिनिअर आणि आमच्याच न्यायालयातले वकीलबंधू. परभणी-हिंगोलीकडून येणारा शेतमजूर असा फोन कधी करत नाही. त्याच्याकडे आमचा नंबर नसतो, आणि असला तरी बाबासाहेबांच्या दर्शनाची रांग चुकवायची असते हे त्याच्या मनातही येत नाही.

यातून आम्ही स्वतःला वगळत नाही. काही वर्षांपूर्वी सहा डिसेंबरच्या दुपारी आम्हाला एका बैठकीला वेळेवर पोहोचायचे होते. ओळखीच्या एका माणसाने आम्हाला कठड्याच्या बाजूने आत घेतले. दहा मिनिटांत अभिवादन करून आम्ही बाहेर आलो. रांगेच्या कडेने परत जात असताना पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी माय कठड्याला टेकून उभी होती. पायांत चपला नव्हत्या. पिशवीतून भाकरीचे फडके डोकावत होते. आमच्याकडे बघून ती म्हणाली, ‘दादा, तुम्ही जाऊन आलात नव्हं? पुढं आणखी किती हाय?’ आम्ही काय सांगणार? आम्ही रांगेत उभेच राहिलो नव्हतो! ‘थोडंच राहिलंय, आई’ असे खोटे बोलून आम्ही पुढे सटकलो. त्या माऊलीने आम्हाला एक शब्दाने दुखावले नाही. पण तो प्रश्न अजून पाठ सोडत नाही. आजचा हा लेख त्याच प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी थोडे गणित करू. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी आजचा स्तूप उभा आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सांचीच्या तोरणासारखे प्रवेशद्वार, चौकोनी दालन, वर लहानसा घुमट अशी ही आटोपशीर वास्तू आहे. तिथे दर सेकंदाला एक माणूस न थांबता नतमस्तक होऊन पुढे सरकला, तर तासाला ३,६०० आणि अख्ख्या चोवीस तासांत ८६,४०० माणसे होतात. सेकंदाला दोन धरली तरी आकडा १,७२,८०० वर संपतो. आणि येतात लाखो! म्हणजे एका दिवसात सर्वांना दर्शन घडवणे कोणत्याही आयुक्ताला, कोणत्याही समितीला शक्य नाही. चोख बंदोबस्त असला तरी रांग लांबणारच. कारण दार एक आहे, दिवस एक आहे आणि समाज सागरासारखा आहे.

आता त्यात एक ‘महनीय व्यक्ती’ घाला. तिच्यासाठी रांग फक्त अर्धा तास थांबवली, असे समजा. सेकंदाला दोन या हिशेबाने ३,६०० माणसांचे दर्शन मागे पडले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा अर्धा तास गेला तो वेगळाच. आम्ही त्या दिवशी दहा मिनिटे वाचवली म्हणतो, ती कुठून आली? ती त्या माऊलीच्या खात्यातून आली! रांगेत वेळ तयार होत नसतो, तो फक्त एकाकडून काढून दुसऱ्याला दिला जातो. हे एकदा ध्यानात घेतले की पास मागताना जीभ अडखळेल.

आमच्या समाजाला रांगेचे मोल दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नाही. कारण शतकानुशतके आमची लढाई रांग लहान व्हावी यासाठी नव्हती. रांगेत उभे राहू द्या, एवढ्यासाठी होती! पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीपाशी आहे. जिवंतपणी ज्याला आत जागा नाही, त्याला मेल्यावरही ती मिळाली नाही. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. नाशिकला काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा तिथे आमची रांग होती. पण आत जाणारी नव्हती, लाठ्या आणि दगड खाणारी होती. त्याआधी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे आपली माणसे शिस्तीने रांगेने चालत गेली, तीही पाण्यासाठी. रांगेत पुढच्याचा खांदा मागच्याला लागतो. जिथे स्पर्शाचाच विटाळ मानला जात होता, तिथे सर्वांची एक रांग ही कल्पनाच भूकंपासारखी होती.

दादर स्टेशनवरून पश्चिमेला उतरलात की त्या परिसरात एस. के. बोले मार्ग लागतो. सीताराम केशव बोले म्हणजे १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडणारे गृहस्थ. त्या ठरावाच्या बळावर महाडचा संगर झाला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही, असे बाबासाहेबांच्या देखरेखीखाली लिहिले गेले. सहा डिसेंबरला त्या परिसरातून चालत जाऊन आम्ही जर मागच्या दाराची चौकशी करत असू, तर आम्ही नेमके कुणाचे वारस?

कुणी म्हणेल, ‘साहेब, हे तर सगळीकडेच चालते.’ चालते, हे खरे. तिरुमलाला ३०० रुपये भरले की विशेष प्रवेश दर्शन मिळते. त्र्यंबकेश्वरला पैसे भरणाऱ्यांची रांग वेगळी आहे. जातीचा दरवाजा बंद झाला आणि पैशाची खिडकी उघडली, एवढाच काय तो फरक! हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. ३१ जानेवारी २०२५ रोजी सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांच्या खंडपीठाने व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका निकाली काढली. मंदिरात कुणाला खास वागणूक मिळू नये असे आमचेही मत आहे, पण अनुच्छेद ३२ खाली तसे आदेश देणे योग्य वाटत नाही. योग्य त्या अधिकाऱ्यांना कार्यवाही करायची असल्यास हा आदेश आड येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे न्यायालयाने मत दिले, आदेश दिला नाही. चेंडू पुन्हा समाजाच्या आणि विश्वस्तांच्या अंगणात आला. इतरांनी त्यांच्या अंगणात काय करायचे ते त्यांनी बघावे. आमच्या अंगणाचे उत्तर आम्हाला द्यायचे आहे.

मग सगळ्यांना अगदी सारखेच वागवायचे का? नव्वदीतल्या आजोबांनीही सहा तास उभे राहायचे का? नाही. समतेचा हा अर्थ कायद्यालाही मान्य नाही. अनुच्छेद १४ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालच्या अन्वर अली सरकार खटल्यापासून दोन कसोट्या सांगितल्या आहेत. वर्गीकरणाला समजण्याजोगा आधार हवा आणि त्या आधाराचा हेतूशी संबंध हवा. या कसोट्या सरकारी कारभारासाठी आहेत, पण आपल्या रांगेलाही लावून पाहायला हरकत नाही. अपंग, वयोवृद्ध, गरोदर बाई, कडेवर तान्हे असलेली आई यांना वेगळी रांग दिली, तर आधार स्पष्ट आहे आणि हेतूही स्पष्ट आहे. ज्याला उभे राहणे झेपत नाही त्याला उभे करू नये. आता आमदार, सचिव, वकील, संपादक यांना वेगळी रांग द्या. आधार काय? पद. हेतू काय? मोठेपणा जपणे. दोन्ही कसोट्यांवर ही रांग नापास होते! दुर्बळाला पुढे घेणे म्हणजे समता आणि सबळाला पुढे घेणे म्हणजे जुनीच उतरंड. यात गोंधळायचे कारण नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती केवळ तत्त्वाची नाही, जिवाची आहे. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या जवळपास माणसे मेली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, म्हणजे चैत्यभूमीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, पावसाच्या सकाळी २३ जण गेले. २ जुलै २०२४ रोजी हाथरसला १२१ गेले. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजला मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली, सरकारने सुरुवातीलाच ३० मृत्यू सांगितले. आणि त्यानंतर उत्तर प्रदेश सरकारने काय केले? कुंभमेळ्यातले व्हीव्हीआयपी पास रद्द केले! जे आधी करायचे ते प्रेते उचलल्यावर केले.

चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली तुडवून मरतात, असा आपला समज असतो. बहुतेक वेळा ती उभ्याउभ्या गुदमरून मरतात. थोड्या जागेत प्रमाणाबाहेर माणसे कोंबली गेली की छातीला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि माणूस स्वतःच्या पायाने हलेनासा होतो. हा दाब कसा तयार होतो? पुढची रांग थांबते, मागच्याला ते कळत नाही, तो सरकत राहतो. आता सांगा, पुढची रांग अचानक का थांबते? अनेक कारणे असतात. पण कुणा मोठ्या माणसासाठी ती मुद्दाम थांबवणे हे सर्वांत टाळता येण्याजोगे कारण आहे. आपल्या लोकांची शिस्त, समता सैनिक दलाच्या सैनिकांची मेहनत आणि स्वयंसेवकांची धावपळ यामुळे चैत्यभूमीवर इतकी वर्षे लाखो माणसे येतात आणि सुखरूप परततात. ही आपली मोठी कमाई आहे. तिला गृहीत धरून चालणार नाही.

मग गर्दी टाळायची कशी? आमचे उत्तर सरळ आहे. ज्याला टाळता येते, त्याने टाळावी. आणि ज्याला टाळता येत नाही, त्याच्यासाठी जागा सोडावी.

नागपूरहून येणारी बाई रेल्वेने आठशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून येते. खास गाडीत दाराशी बसून येते. तिची मजुरी बुडते. तिला सहा डिसेंबरशिवाय दुसरा दिवस नाही. आम्हा मुंबई-ठाण्याच्या, नवी मुंबईच्या, कल्याण-उल्हासनगरच्या माणसांना मात्र उरलेले ३६४ दिवस आहेत! लोकलचे तिकीट काढले की तासा-दीड तासात दादर. चैत्यभूमी रोज आहे, समुद्र रोज आहे. मग आम्ही नेमक्या त्याच दिवशी त्या बाईच्या पुढे का उभे राहावे? आमची सूचना अशी की मुंबई परिसरातल्या धम्मबांधवांनी नोव्हेंबरमध्ये किंवा महापरिनिर्वाणदिनाची गर्दी ओसरल्यावर, एखाद्या साध्या वारी मुलाबाळांना घेऊन जावे. तेव्हा शांतपणे बसता येते, त्रिसरण-पंचशील म्हणता येते, मुलाला तोरण दाखवता येते, अशोकस्तंभाची प्रतिकृती दाखवता येते. रांगेत ढकलत गेलेल्या मुलाला यातले काय दिसते? पुढच्याची पाठ!

बाहेरगावच्या मंडळींनीही शक्य असेल तर सहा तारखेची पहाट गाठण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच तारखेला पोहोचलात तर त्याच दिवशी दर्शन घ्यावे आणि सहा तारीख शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी, सभांसाठी ठेवावी. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असावी. हरवलेच तर कुठे भेटायचे, ती खूण गावातून निघतानाच ठरवावी. रांग थांबली तर मागून रेटू नये आणि उलट दिशेने तर मुळीच घुसू नये.

इथे एक आक्षेप येणार, तो आम्हाला ठाऊक आहे. ‘गर्दी हीच आमची ताकद. मुंबईकर आले नाहीत तर उद्या म्हणतील, भीमसागर आटला!’ यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजाला कुणी मोजत नव्हते, त्याने वर्षातून एकदा मुंबईच्या छातीवर उभे राहून ‘आम्ही आहोत’ म्हणणे हे राजकारणच आहे आणि ते हवेच. पण बांधवांनो, ‘येऊ नका’ असे आम्ही म्हणतच नाही. या! फक्त दर्शनाच्या रांगेत उभे राहू नका, रांगेच्या कडेला उभे राहा. पाणी वाटा. म्हाताऱ्यांचा हात धरा. हरवलेल्या मुलाला आईकडे पोहोचवा. डॉक्टर असाल तर दवाखान्याच्या मंडपात बसा, वकील असाल तर सल्ल्याचे टेबल मांडा. मैदान भरलेलेच राहील, फक्त दार मोकळे होईल. आणि ताकदीचे म्हणाल तर ६ डिसेंबर २०२० आठवा. कोरोनाच्या साथीत ‘चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा’ असे आवाहन झाले आणि आपल्या समाजाने ते पाळले. ओसाड शिवाजी पार्क बघून डोळे भरून आले, पण कुणी म्हटले का की भीमसागर आटला? आपल्या शिस्तीचे ते सर्वांत मोठे प्रदर्शन होते.

सरकार, महापालिका आणि व्यवस्था पाहणारे यांच्याकडेही आमच्या मागण्या आहेत. राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्या अभिवादनाची वेळ आधी जाहीर करा, ती मोजकी ठेवा आणि त्यानंतर कुणासाठीही रांग थांबवू नका. वेगळी रांग एकच असावी, अशक्तांची. रांगेत ठिकठिकाणी ‘येथून अंदाजे तीन तास’ अशा पाट्या लावा. किती वेळ लागणार हे कळले की माणूस निम्मा शांत होतो. त्या माऊलीचा प्रश्न तरी दुसरा काय होता? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बायांची सोय. मैदानात शौचालये असतात, पण रांग सोडली की जागा जाते. म्हणून कितीतरी बाया आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. हे आमच्या घरातल्या बायांनी आम्हाला सांगितले, तोवर आमच्या ध्यानीमनीही नव्हते! रांगेतली जागा राखणारी एखादी चिठ्ठी द्या, जाऊन परत येता येईल. याला काही कोटींचा निधी लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका २०१४ सालीच काढलेली आहे, ती कपाटातून बाहेर काढा. चैत्यभूमीला २०१६ साली ‘अ’ वर्ग तीर्थ आणि पर्यटनस्थळाचा दर्जा दिला, तो पाटीपुरता नको. मात्र सोयी करताना समाजाला विचारा. दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामावरून १ जुलै २०२४ रोजी काय उद्रेक झाला आणि काम कसे थांबवावे लागले, हे विसरू नका.

आणि हाच नियम आपण जिथे जिथे जातो तिथे पाळावा. सुट्ट्यांत अजिंठ्याला झुंबड उडते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, एवढे तरी बघून निघावे. पुरातत्त्व खात्याचे तिकीट घरबसल्या मोबाईलवर निघते, खिडकीची रांग वाचते. साध्या वारी सकाळी लवकर गेलात तर पद्मपाणीसमोर दोन मिनिटे उभे राहता येते. ‘लेणी आमची’ असे आपण अभिमानाने म्हणतो. मग बंद लेण्यात दाटीवाटी झाली की माणसांच्या श्वासाचा दमटपणा त्या चित्रांना बाधतो, हेही आपणच ध्यानात ठेवायला हवे. आपले राजगृह, पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय, दिल्लीत अलीपूर रोडवर १३ एप्रिल २०१८ रोजी खुले झालेले राष्ट्रीय स्मारक, या जागा काही जयंतीच्या दिवशीच बघायच्या नसतात.

शेवटी पासचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. तो इशारा आपण दुसऱ्यांच्या नेत्यांना ऐकवतो. पण आपला माणूस निवडून आला, साहेब झाला, की त्याच्यासाठी कठडा बाजूला सारणारे हात आपलेच असतात ना? ज्या महामानवाने आपल्याला रांगेत आणले, त्याच्याच दारात रांग मोडून जाण्यात कसला आलाय मान?

आम्ही त्या वर्षानंतर सहा डिसेंबरला स्तूपाच्या दारापर्यंत गेलेलो नाही. आमचे दर्शन नोव्हेंबरात, कोर्टाचे काम संपल्यावर होते. सहा तारखेला आम्ही शिवाजी पार्कच्या बाजूला रांगेच्या कडेला पाण्याचे पिंप घेऊन असतो. कुणी विचारले, ‘दादा, पुढं आणखी किती हाय?’ तर आता आम्ही आधी पुढे जाऊन बघून येतो आणि मगच सांगतो. म्हणून यंदा कुणी पाससाठी फोन केला तर आमचे उत्तर ठरलेले आहे. पास नाही. पिंपापाशी एक माणूस कमी आहे, येता का?

जयभीम!